सकपाळ मास्तरांचं शुद्धलेखन

पोलादपूरच्या शाळेत साप निघाला, तेव्हा सकपाळ मास्तरांनी आधी क्रियापद दुरुस्त केलं आणि मग पाय वर घेतले.

माझा पोस्टमन धोंडू टपाल द्यायला शाळेत गेला होता. मास्तरांच्या खुर्चीखाली त्याला वेटोळं दिसलं. तो ओरडला, “मास्तर, साप हाय!”

मास्तर हजेरीपट लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, “आहे.”

“हायच की! खुर्चीखाली हाय!”

“आहे, धोंडू. आहे. पुन्हा म्हण.”

धोंडू मागाहून मला सांगत होता, “मला वाटलं, मास्तरांस ठावं हाय. तेनीच ठेवला आसंल.” अखेर जिवाच्या आकांतानं तो “साप आहे!” म्हणाला, तेव्हा मास्तरांनी “शाबास” म्हणून खाली पाहिलं. तोवर साप दारानं निघून गेला होता. तो अशुद्ध ऐकून गेला की शुद्ध ऐकून, याबद्दल गावात दोन मतं होती.

मी त्या वेळी पोलादपूरच्या पोस्टात होतो. मूळचा महाडचा, चार इयत्ता इंग्रजी शिकलेला, आणि अक्षर मोत्यासारखं, हे मी नाही, महाडचे लोक म्हणत. पोस्ट आणि शाळा एकाच पडवीच्या दोन टोकांना होती. मधे कुडाची भिंत. त्यामुळे मास्तरांचं “पुन्हा म्हणा” मला दिवसभर ऐकू येई. ते फक्त मुलांसाठी नव्हतं. वाटेनं जाणाऱ्या येणाऱ्या कुणालाही ते लागू होतं. लाकडाची मोळी घेऊन बाई आली आणि “लाकडं हायत” म्हणाली, तर तिला मोळी डोक्यावर तशीच ठेवून “आहेत” म्हणावं लागे, मगच भाव.

मास्तर स्वतः उमरठचे. बापाची डोंगरउतारावर नाचणीची शेती. पण पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं राहून आले होते आणि तिथून त्यांनी ‘आहे’ आणि ‘नाही’ हे दोन शब्द असे काही जपून आणले होते, की वाटेत कुठे खाली ठेवले नसावेत. इंग्रजी शब्दही त्यांना खपत नसे. मला सारा गाव पोस्टमास्तर म्हणे, ते टपालमास्तर म्हणत. मोटार तेव्हा नुकतीच पोलादपूरपर्यंत येऊ लागली होती. तिचा ड्रायव्हर हसनभाई एकदा म्हणाला, “मास्तर, आज इंजन फेल झालंय.”

“यंत्र नादुरुस्त आहे, म्हणा.”

“नको मास्तर. फेल झालं तर मी ठोकून चालू करीन. नादुरुस्त झालं तर महाडहून मिस्त्री आणावा लागंल.”

एका जत्रेत गणपत भगताच्या अंगात देवी आली. सगळे हात जोडून बसलेले. देवी घुमत घुमत म्हणाली, “मी कोपलेली हाय!” आणि मागून आवाज आला, “पुन्हा म्हणा.” देवी क्षणभर थांबली. मग म्हणाली, “मी कोपलेली आहे.” त्यानंतर तिचा कोप काही रंगला नाही. म्हातारी माणसं म्हणाली, देवी पुण्याला जाऊन आलेली दिसते.

अशा माणसाचा राग यायला हवा. पण येत नसे, कारण मास्तर कधी हसत नसत, कुणाला हिणवत नसत. डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तितक्या शांतपणे ते चूक काढत. घरी एकटेच. लग्न केलं नव्हतं. गावातल्या बायका म्हणत, बरंच झालं, नायतर बिचारीला मंगळाष्टकं संपायच्या आधी दोनदा ‘पुन्हा म्हण’ झालं असतं.

आता मी त्या आठवड्याकडे येतो. शिमग्याच्या आधीचा आठवडा. रविवारी होळी होती.

सोमवारी दुपारच्या मोटारीनं मुंबईची माणसं उतरू लागली. ट्रंका, चट्ट्यापट्ट्यांच्या पिशव्या, डोक्याला वासाचं तेल. त्यांत कुडपणचा गोपाळ होता. तो पोस्टात आला, इकडे तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात मला म्हणाला, “पोस्टमास्तर, आमच्या राम्याच्या नावानं वारंट सुटलंय काय?”

या राम्याला मी पाहिलं नव्हतं, पण ओळखत होतो. त्याची बायको भागीरथी, सगळे तिला भागी म्हणत, कुडपणचा डोंगर उतरून माझ्याकडे पत्र लिहून घ्यायला आली होती. रामा गिरणीत होता. दोन शिमगे आला नव्हता. मनुष्य नाही, निरोप नाही. भागीच्या भावांनी सांगून टाकलं होतं, या शिमग्याला आला तर ठीक, नाहीतर तुला माहेरी नेऊन दुसरा पाट लावून देतो. भागीला दुसरा पाट नको होता. तिला रामाच हवा होता, आणि हे तिनं मला इतक्या स्पष्टपणे सांगितलं होतं, की मीच शाईची दौत शोधायला खाली वाकलो होतो.

“वारंट कसलं?” मी विचारलं.

“आवो, समन आला! आमच्या चाळीच्या गाळ्यात वाचला ना साऱ्यांनी. ‘हजर व्हावे,’ म्हनतो. राम्यानं मागं जंगलातून सागाचा एक वासा आनलेला. तवापास्नं फारेस्टाच्या भेवानं तो गावास येत नाय. त्यात हा समन. त्याच दिवशी डूटी सोडून कुर्ल्यास पळाला, साडूच्या खोलीवर. आता म्हनतो, गावाचं तोंड पन बघायचा नाय.”

“समन आला कसा? शिपाई घेऊन आला?”

“नाय. टपालानं आला. पोलादपूरचा शिक्का हाय त्यावर.”

पोलादपूरचा शिक्का मी मारतो. 

माझ्या पत्रांचा मला अभिमान होता. इतका, की बऱ्यापैकी जमलेल्या पत्राचा कच्चा मसुदा मी ठेवून देई. भागीच्या पत्राचाही ठेवला होता. गोपाळ गेल्यावर मी तो काढला. भागी मला म्हणाली होती, “दोन वर्सं झाली, तोंड नाय दावलं. काय झाला तो पन नाय कलवला. शिमग्यास या. नाय आलात तर मी काय करू?” त्याचं मी केलं होतं ते असं:

‘राजमान्य राजेश्री रामा विठू यांसी, मुक्काम कुडपण येथून भागीरथी हिचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष. आपण गेली दोन वर्षे गैरहजर असून त्याबाबत अद्याप कोणताही खुलासा केलेला नाही. तरी येत्या शिमग्याच्या आत समक्ष हजर व्हावे. न झाल्यास पुढील तजवीज करणे आम्हांस भाग पडेल. कळावे.’

मी ते भागीला वाचून दाखवलं होतं, तेव्हा ती उठून उभी राहिली होती आणि तिनं पदर सावरून हात जोडले होते. मला वाटलं, भारावली.

त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही. एका बाईचा संसार माझ्या मोत्यासारख्या अक्षरानं मोडायला आला होता, आणि हातात पाच दिवस होते.

मंगळवारी सकाळी मी मसुदा घेऊन मास्तरांकडे गेलो. खरं सांगायचं तर दोष कुणाच्या तरी गळ्यात टाकायला गेलो होतो. शुद्ध लिहा, शुद्ध लिहा, हे त्यांचंच ना! मास्तरांनी मसुदा एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला. खिशातली लाल पेन्सिल बाहेर आली नाही. चेहरा मात्र उतरला. म्हणाले, “व्याकरण निर्दोष आहे, टपालमास्तर.”

तीन वर्षांत त्यांनी माझी केलेली ही पहिली स्तुती. तीही कुठल्या वेळी.

“पण तो पळाला,” मी म्हणालो.

“मीही पळालो असतो. त्या बाईला बोलवा.”

धोंडूला कुडपणला धाडायची गरज पडली नाही. गोपाळकडून खबर कळताच भागी स्वतःच दुपारी डोंगर उतरून आली. विशीबाविशीची, काटक, पायाला धूळ. पडवीत येऊन मास्तरांना पाहिलं आणि दाराशीच थबकली. मास्तरांनी मुलांना सुट्टी दिली, दौत-टाक घेतला आणि म्हणाले, “बोल.”

“काय बोलू, मास्तर? तुमच्या म्होरं आमचं बोलनं चुकतं.”

“चुकू दे.”

मी कान टवकारले. भागीनं माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. मग ती कोपऱ्याकडे तोंड करून बसली आणि बोलू लागली. आधी अडखळत, मग सरळ रामा समोर बसला असावा तशी. मास्तर लिहीत होते. मी मागे जाऊन डोकावलो आणि पाहतो तर कागदावर, सकपाळ मास्तरांच्या हातानं, असं लिहिलं होतं:

‘आवो, मी हाय, भागी. त्यो समन नव्हता. तो मीच धाडला व्हता, पोस्टमास्तरांनी त्याचा तसा केला. फारेस्टाचा कोन आला नाय आन येनार नाय. तुमचा वासा मी गेल्या पावसात चुलीत घातला. आता जप्तीला राख हाय, न्या म्हनावं. म्हस व्याली. रेडी झाली. तुमी रेडा व्हनार म्हनाला व्हतात. हरलात. (इथे हसली.) पालखी नाचवाय तुमच्या जागी तुक्या हुबा ऱ्हातो. त्यास नाचवता येत नाय. दोन डाव पाडत व्हता. भाव रविवारी मला न्यायला येनार हायत. मला नाय जायाचं. (इथे थांबली.) नाय जायाचं मला. या.’

मला राहवलं नाही. “मास्तर,” मी म्हणालो, “‘नाय जायाचं’ दोनदा आलंय.”

“ती दोनदा म्हणाली.”

“आणि ‘म्हस’?”

“तिच्या गोठ्यात म्हसच आहे. म्हैस तुमच्या आमच्या पुस्तकात.”

मायना नाही, कळावे नाही. मास्तरांनी ते वाचून दाखवलं आणि भागी या वेळी उठून उभी राहिली नाही. डोळे पुसत म्हणाली, “आस्साच बोलते मी?” मास्तर म्हणाले, “अगदी.” गोपाळनं सांगितलेला कुर्ल्याचा पत्ता मी घातला. त्यावरही मास्तरांनी मला ‘राजमान्य’ लिहू दिलं नाही. शिक्का मी उलटा मारला, म्हणजे लांबून सरकारी दिसू नये. संध्याकाळच्या मोटारीनं टपाल गेलं.

बुधवारी मास्तर पुन्हा पहिल्यासारखे. कुंभाराला “मडकी हायत” म्हटल्याबद्दल उन्हात उभं केलं. मी मनात हिशेब करत होतो. मोटारीनं धरमतर, तिथून बोट, गुरुवारी पत्र कुर्ल्याला. तिथं ते कुणी वाचून दाखवायचं, वाचणारा रात्रपाळीला असला तर? गुरुवारी बाजार भरला. शुक्रवारी मुंबईकरांनी मोटारीचं टप भरलं. मी प्रत्येक मोटारीला उभा. हसनभाई मला म्हणाला, “पोस्टमास्तर, तुमी पन कुनाचा पाव्हना बघताय काय?” मी म्हणालो, टपालाची थैली बघतोय. थैली माझ्या हातातच होती.

शनिवारी दोन्ही मोटारी आल्या. कुडपणची सात माणसं उतरली, रामा नव्हता. भागी स्टँडच्या चिंचेखाली बसली होती. ती उठली आणि डोंगर चढू लागली. मास्तरांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले, “उद्या रविवार आहे.” मग एका मुलाची वही काढून तपासू लागले. ती त्यांनी आधीच तपासलेली होती, हे मला दिसत होतं.

रविवारी भागीचे दोघे भाऊ सकाळपासूनच येऊन स्टँडच्या दगडी कठड्यावर बसले. भांडखोर नव्हते. भाकरी बांधून आणली होती, ती खात बसले होते. भागी लांब, चिंचेखाली. गोपाळ आणि धोंडू उगीच येरझारा घालत. दुपारची मोटार आली, रिकामी झाली. रामा नाही. थोरल्या भावानं फडक्याला गाठ मारली, बहिणीकडे पाहिलं आणि म्हणाला, “चल गो, बाय.”

भागी उठली नाही.

तेवढ्यात हसनभाई टपावर चढून दोर सोडत सोडत म्हणाला, “आनि एक येडा व्हता. नदीच्या पुलाशीच उतरला. म्हनतो, म्होरं पोलीस हाय का बघून चालत येतो.”

सगळ्यांनी महाडच्या रस्त्याकडे पाहिलं. धुळीतून एक माणूस येत होता. डोक्यावरून घोंगडी, फक्त नाक बाहेर, आणि फाल्गुनातल्या उन्हात असा झाकलेला मनुष्य पोलिसानं आधी धरला असता. चार पावलं चालायचा, थांबायचा, पोस्टाच्या पाटीकडे पाहायचा. भागीला ओळखायला नाक पुरलं. ती धावली नाही. उभी राहिली.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला, घोंगडी मागे सारली आणि म्हणाला, “रेडीच झाली काय?”

“रेडीच.”

“मला वाटला, तू माझी मस्करी करतेस.”

एवढंच. दोन वर्षांनी भेटलेल्या नवराबायकोचं दुसरं काही संभाषण मी ऐकलं नाही. भाऊ कठड्यावरून उतरले. थोरला म्हणाला, “आलात काय दाजी? मग बरा झाला,” आणि रामाकडे तंबाखू मागितली. मला मात्र गप्प बसवेना. मी रामाला बाजूला घेऊन विचारलं, पत्र कधी मिळालं, कुणी वाचलं.

“गुरवारी. शेजारचा मिशीवाला मिस्त्री हाय, त्यानं वाचलं,” तो म्हणाला. “पर आवाज हिचाच आला, साहेब. मिस्त्रीला तीनदा वाचाय लावला. तिसऱ्या टायमास तो म्हनतो, आता जा की रे भावा, माझ्या पन डोळ्यास पानी आला.”

मी पडवीकडे धावलोच म्हणा. शाळा बंद, पण मास्तर आत होते. सणाच्या दिवशीही टेबलावर वह्या. “आला!” मी म्हणालो, “मास्तर, आला!”

“कोण आला? कर्ता कुठे आहे?” ते म्हणाले. पण टाक खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. घोंगडी, रेडी, मिशीवाला मिस्त्री. ते ऐकत राहिले. मग उठले, फडताळातून एक फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. अकरा पत्रं होती. त्यांच्या आईची, ते पुण्याला शिकत होते तेव्हा आलेली.

“वाचा. आणि यातलं माझ्या आईचं वाक्य कुठलं ते मला सांगा,” मास्तर म्हणाले. “मी पुष्कळ शोधलं.”

अक्षर सुरेख होतं, माझ्याहून सुरेख. माझ्या आधी पोलादपूरच्या पोस्टात जे गृहस्थ होते, त्यांचं. उमरठहून म्हातारी पायी यायची आणि त्यांच्याकडून लिहून घ्यायची. ‘चिरंजीव विजयी भव. अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम. तेथील क्षेम वरचेवर लिहीत जावे.’ दुसऱ्यात तेच. सहाव्यात तेच. अकराही पत्रं मी वाचली. ही कला मला येत होती, म्हणून म्हातारी कुठे पुसली गेली ते मला दर ओळीत दिसत होतं. पण तिचं असं एकही वाक्य नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. अशी किती पत्रं मी लिहिली असतील, देव जाणे.

“सापडलं?”

“नाही,” मी म्हणालो.

“शेवटच्या खेपेला शेजारची काकी तिच्याबरोबर आली होती. पोस्टाच्या या पडवीत. आई काय बोलली ते तिनं मला मागाहून सांगितलं.” मास्तर मग खाली पाहून, एकेक शब्द ठेवत म्हणाले, “‘माज्या बाल्याला लिवा, मी काय आता ऱ्हात नाय. आसशील तसा ये रं. तोंड बघून जाऊ दे.’”

बाहेर होळीसाठी लाकडं रचत होते, ढोल लागला होता. मास्तरांनी सर्वांत खालचं पत्र काढून माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, “हे त्या दिवशीचं.” मी वाचलं. ‘आमची प्रकृती किंचित अस्वस्थ असते, तरी काळजी नसावी. अभ्यासात खंड पडू देऊ नये.’

“एकही चूक नाही यात,” मास्तर म्हणाले. “काळजी नसावी, असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणून मी केली नाही. अभ्यासात खंड पडू दिला नाही. त्या वर्षी व्याकरणात मी पहिला आलो.”